इंजिन बंद पडल्यावरचा एक सेकंद

वाचक विचारतात : या महिन्यात एकट्याने बसायच्या छोट्या हेलिकॉप्टरविषयी आलेली पत्रं. उत्तरं देणारे आमचे काका नौदलात चेतक हेलिकॉप्टरच्या देखभालीवर होते. निवृत्तीनंतर ते सिंधुदुर्गात आपल्या गावी राहतात.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. आमचं ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन) दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिन लहानपणापासून हाताखालचं. मोबाइलवर मी जपानचं चार इंजिनांचं छोटं हेलिकॉप्टर, कॅनडाचं मॉस्किटो आणि आठ मोटरींचं बॅटरीवालं यंत्र असे तिघांचेही व्हिडिओ पाहिले. असं एक यंत्र स्वतः बांधायचं फार मनात आहे. आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, पावसाळा सोडला तर चिटपाखरू नसतं. यातलं सगळ्यात सुरक्षित डिझाइन कुठलं? आणि इंजिन बंद पडलं तर पॅराशूट लावून भागेल का? मला अरे-तुरेच करा.
— गॅरेजवाला, देवगड तालुका

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न मी पहिला घेतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. कुठलंही हेलिकॉप्टर समोर आलं की मी एवढंच विचारतो : इंजिन आत्ता, या क्षणी बंद पडलं तर पुढच्या एका सेकंदात काय होणार?

तुझ्या बंदरावरच्या तांडेलाला, होडी हाकणाऱ्याला, विचार. तो म्हणेल, "मशीन बंद पडला तरी वल्ही आसत." हेलिकॉप्टरचं वल्हं म्हणजे फिरत्या पात्यांत साठलेली ऊर्जा. इंजिन थांबलं की पायलटने डाव्या हाताचा कलेक्टिव्ह लिव्हर लगेच खाली दाबायचा. त्याने सगळ्या पात्यांचा कोन एकदम उतरतो, यंत्र खाली येऊ लागतं आणि खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा आणि अगदी शेवटी कोन वाढवून साठलेली ऊर्जा खर्च करत टेकायचं. चेतकवर आमचे पायलट याचा सराव करायचे तेव्हा मी मागच्या सीटवर असायचो. जमीन अंगावर येते, पण शिकलेल्या हातात यंत्र हळुवार टेकतं. हे जमतं त्याला दोन कारणं आहेत : पात्यांना वजन असतं, आणि त्यांचा कोन बदलता येतो.

आता छोट्या यंत्राचा हिशेब मांडू. कागद घे. दोन पाती, प्रत्येकी 4 किलो, लांबी 2.75 मीटर, मिनिटाला 540 फेरे असं धरू. साठलेली ऊर्जा येते साधारण 32 हजार ज्यूल. माणसासकट पावणेतीनशे किलोच्या आतबाहेरचं असं यंत्र हवेत तरंगत ठेवायला 30 किलोवॅटच्या आसपास ताकद लागते. म्हणजे सगळी ऊर्जा एका सेकंदाची. आणि ती सगळी वापरता येतच नाही. फेरे पाऊण पटीवर आले की पात्यांवरची हवा सुटायला लागते, मग कुठलाही लिव्हर कामाचा नाही. तोवर निम्म्याहून थोडी कमी ऊर्जाच खर्च झालेली असते. तेव्हा तुझ्या हातात उरला अर्धा सेकंद. "अरे, आवाज का बदलला?" असं मनात येईपर्यंत तो निघून जातो.

यंत्र हलकं करताना माणूस सगळ्यात आधी पात्यांचं वजन उतरवतो. तिथेच तो आपली वल्ही पाण्यात टाकतो. म्हणून चांगले डिझाइनर पात्याच्या टोकाशी मुद्दाम वजन ठेवतात. टोकाचं वजन लांबीच्या वर्गाने कामाला येतं.

आता तुझी तीन यंत्रं. जपानचं जेन एच-4 हे गेन्नाई यानागिसावा यांचं काम. 2008 साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी ते इटलीत लिओनार्दो दा विंचीच्या विंची गावी नेऊन स्वतः उडवलं. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. एकावर एक, उलट दिशांनी फिरणारे 4 मीटर व्यासाचे दोन रोटर, म्हणजे पात्यांचे दोन संच, म्हणून शेपटीच्या पंख्याची गरज नाही. रिकामं वजन 70 किलोच्या आसपास. 125 सीसीची चार इंजिनं, प्रत्येकी 10 हॉर्सपॉवर. एक बंद पडलं तर उरलेल्या तिघांवर उतरायचं, ही त्यामागची कल्पना. माणूस आणि इंधन धरून 160 किलो होत असतील तर माझ्या हिशेबाने पंचवीसच्या आसपास हॉर्सपॉवर लागतात आणि तीन इंजिनं 30 देतात. हिशेब जुळतो, पण काठावर. मात्र पात्यांचा कोन पक्का आहे, कलेक्टिव्ह नाही. चारही इंजिनं एकाच टाकीतून पेट्रोल घेत असतील आणि टाकीत पाणी गेलं, तर चारही बरोबरच थांबणार. दमट हवेत टाकीच्या आत पाणी साचतं, हे तुला मी सांगायला नको.

बॅटरीच्या यंत्रांनी मोठी मजल मारली आहे. 2011 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या पास्कल क्रेतियाँ यांनी माणूस बसलेलं, जमिनीला न बांधलेलं पहिलं विजेचं हेलिकॉप्टर उडवलं ते दोन मिनिटं दहा सेकंद. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीत सोळा रोटरचं यंत्र दीड मिनिट तरंगलं. तू पाहिलेलं आठ मोटरींचं जेटसन वन आता वीस मिनिटं उडतं. एक मोटर गेली तर बाकीच्या सांभाळतात, हा त्याचा खरा गुण. पण इतक्या छोट्या, पक्क्या कोनाच्या पंख्यांत ऑटोरोटेशन नाहीच. बॅटरीने किंवा कंट्रोलरने पूर्ण दगा दिला तर तो दगडच.

मॉस्किटोची बांधणी मोठ्या हेलिकॉप्टरसारखी आहे : साडेपाच-सहा मीटरचा एक रोटर, शेपटीला पंखा, कोन बदलणारा कलेक्टिव्ह, आणि मध्ये फ्रीव्हील. सायकलचं असतं तसंच काम. इंजिन जाम झालं तरी रोटर फिरत राहतो. इंजिन एकच, तेही टू-स्ट्रोक. तरी तिघांतलं एक निवडायला लावलंस तर मी हे निवडीन, कारण त्या अर्ध्या सेकंदात माणसाच्या हाताला काहीतरी करता येतं. पण ते करायचं शिक्षण आधी अंगात मुरलेलं हवं.

त्यातही एक सापळा आहे. दोन पात्यांचा असा रोटर मध्यावर तराजूसारखा झुलतो. चढून आल्यावर स्टिक झटकन पुढे ढकलली तर क्षणभर यंत्राचं वजन नाहीसं होतं, शेपटीचा पंखा त्याला एका बाजूला कलवतो, पायलट सवयीने स्टिक उलट मारतो आणि रोटरचा मधला भाग मास्टवर, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर, आपटतो. मास्ट तुटतो. अमेरिकेत रॉबिन्सनच्या छोट्या हेलिकॉप्टरांना असे अपघात झाल्यावर 1995 साली त्यांच्या पायलटांना यासाठी वेगळं प्रशिक्षण सक्तीचं केलं. व्हिडिओ बघून हे कळत नाही. तिथे तर सगळं सोपंच दिसतं.

पॅराशूट : रॉकेटने उडणारं पॅराशूटसुद्धा उघडून भरायला उंची मागतं. आणि अशी यंत्रं बहुतेक वेळा उडवली जातात ती वीस-तीस मीटरवर, सावकाश, म्हणजे नेमकी जिथे पॅराशूटला उंची पुरत नाही आणि ऑटोरोटेशनला वेग पुरत नाही तिथे. जमिनीलगतच्या काही मीटरांपासून शंभरेक मीटरपर्यंत हा टापू जातो. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तकात त्याचा आलेख असतो. यंत्र विकणाऱ्याकडे आधी तो माग. त्याच्याकडे नसेल तर तिथून उठ.

तुझ्या ओबीएमची एक गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. 1950 च्या दशकात अमेरिकन सैन्याने डी लॅकनर एचझेड-1 एरोसायकल नावाचं यंत्र करून घेतलं. सैनिक वर उभा, पायांखाली उलट फिरणारे दोन रोटर, आणि इंजिन मर्क्युरीचं 40 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, होडीचंच. साध्या सैनिकाला वीस मिनिटांत शिकवता येईल अशी अपेक्षा होती. कॅप्टन सेल्मर संडबी यांनी चाचण्या घेतल्या. दोन अपघात झाले, दोन्ही वेळा वरच्या-खालच्या रोटरची पाती एकमेकांवर आदळली. नवख्याच्या हाती देण्याजोगं हे यंत्र नाही असा निष्कर्ष निघाला आणि बारा यंत्रं तयार असूनही काम थांबलं. यातलं इंजिन वाईट नव्हतं. तू इंजिनात तरबेज आहेस म्हणूनच सांगतो, इंजिन हा या कामातला सोपा भाग आहे. त्यातही ओबीएम थंड राहतं ते समुद्राच्या पाण्यावर. तेच हवेत नेलंस की रेडिएटर किंवा पंख्याचं वजन आलं. जागेवर तरंगताना समोरून वाराही मिळत नाही, पूर्ण ताकदीवर टू-स्ट्रोक तापतं आणि पिस्टन धरतो. रोटॅक्स कंपनी तिच्या टू-स्ट्रोक विमान-इंजिनांच्या पुस्तकात स्वतःच ठळक लिहिते की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं.

अवघड भाग म्हणजे पातं. वरच्याच उदाहरणात 4 किलोच्या पात्याची मुळाशी ओढ येते सुमारे 1800 किलो. एका बोल्टच्या भोकाभोवती, मिनिटाला 540 वेळा कमी-जास्त होणाऱ्या वाकासकट. तिथे केसाएवढी चीर पडली तर ती डोळ्यांना दिसत नाही. आम्ही रंगद्रव्य लावून, भिंगातून बघायचो, आणि ठरलेले तास भरले की चांगला दिसणारा भागही काढून टाकायचो. नव्या पोरांना ते उधळपट्टी वाटायचं. वेल्डिंगच्या दुकानात केलेल्या पात्याचे तास कोण ठरवणार?

2021 साली आपल्याच राज्यात, विदर्भात, घरी हेलिकॉप्टर बांधणारा एक तरुण चाचणीत गेला. यंत्र जमिनीवरच होतं. शेपटीचं पातं तुटलं, ते मुख्य रोटरला लागलं आणि त्याचा घाव त्याच्या डोक्यावर बसला. हुशार, कष्टाळू मुलगा होता. ती बातमी वाचल्यापासून अशी पत्रं आली की मी उत्तर लांबवत नाही. फिरत्या रोटरच्या पातळीत, मुख्य असो की शेपटीचा, कुणीही उभं राहायचं नाही. पहिल्या चाचण्या यंत्र जमिनीला बांधून, वाळूच्या पोत्यांच्या आडून, थ्रॉटल लांबून ओढून. आत माणूस नाही.

तुझ्या सड्याबद्दलही बोलायला हवं. मोकळा आहे, पण कातळ दहा वाजेपर्यंत तापतो आणि हवा उकळल्यासारखी वर उठते. दुपारी खारा वारा सड्याच्या कड्यावर आपटून वर चढतो आणि माथ्यावर आल्यावर भोवरे धरतो. घारी त्यावर मजेत तरंगतात, दोन-अडीचशे किलोचं यंत्र त्यात गटांगळ्या खातं. 35 अंश आणि दमट हवेत हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सात-आठ टक्क्यांनी उतरते. म्हणजे रोटरची उचल कमी, इंजिनाचा श्वासही कमी. काठावर जुळलेला हिशेब इथे बिघडतो. आणि खाडीवरून गेलेल्या विजेच्या तारा समोरून, उन्हात, जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

मग तू काय करायचंस? रेडिओवर चालणारं मोठं मॉडेल हेलिकॉप्टर घे, कलेक्टिव्ह असलेलं. मोटर बंद करून ऑटोरोटेशनने उतरवायला शीक. वरचं सगळं गणित त्यात जसंच्या तसं आहे आणि चुकलं तर फक्त पाती बदलायची. सोबत एक रोटर-स्टँड बांध : फेरे, ओढ, कंपन मोज, वही ठेव. तुझ्यासारख्या हाताला विमान-देखभालीचा एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग) अभ्यासक्रम शोभेल, त्याचा गंभीरपणे विचार कर. बांधायची हौस मारू नकोस. स्टँडचे आकडे मला पाठव, मी बसून बघीन.

प्रश्न : अमेरिकेत अशा हेलिकॉप्टरला पायलटचा परवाना लागत नाही, असं वाचलं. सरकार परवाना मागत नाही, त्याअर्थी ते सुरक्षितच असणार ना? शिवाय हलकं यंत्र पडलं तर मारही कमी लागेल. माझा नातू हेच मला पटवतो आहे.
— निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले

उत्तर : बाई, नातवाने वाचलंय ते खरं आहे, त्याने काढलेला अर्थ मात्र बरोबर नाही. अमेरिकेत 1982 पासून पार्ट 103 हा नियम आहे. एकच आसन, रिकामं वजन 254 पौंडांच्या आत म्हणजे 115 किलो, इंधन 5 गॅलन म्हणजे 19 लिटर, वेग ताशी 102 किलोमीटरपर्यंत. एवढ्यात बसलं तर परवाना नको, नोंदणी नको. पण उडवायचं दिवसा, आणि गावावरून किंवा गर्दीवरून नाही. या अटी नीट वाचल्या की दिसतं, नियमाने खालच्या लोकांची काळजी घेतली आहे. थोडं वजन, थोडं इंधन, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान थोडं. वर बसलेल्याचा जीव त्याने त्याच्यावरच सोपवला आहे.

आणि हलकं यंत्र पडलं तरी माणसाचं वजन तेवढंच राहतं. मोठ्या हेलिकॉप्टरात दबणारी सीट असते, सांगाडा चुरगाळून धक्का खातो. 115 किलोत त्यासाठी जागा कुठून आणायची? दहा मीटरवरून सरळ खाली येणारा माणूस ताशी पन्नास किलोमीटरने जमिनीला लागतो, यंत्र कितीही हलकं असलं तरी.

आपल्याकडे अशी सूट नाही. माणूस बसून उडतो ते विमान : डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंदणी, भारतीय विमानांवर असतात ती व्हीटी अक्षरं, उडण्यालायक असल्याचा कागद आणि चालवणाऱ्याचा परवाना. 2021 च्या ड्रोन नियमांत हे बसतं असं नातू म्हणाला तर त्याला सांगा, ते नियम आत माणूस नसलेल्या यंत्रांचे आहेत. कोकण किनाऱ्यावर नौदल आणि तटरक्षक दलाची ये-जा असते, म्हणून परवानगीचा प्रश्न इथे जास्तच टोकदार होतो. त्याला रागावू नका. पहिल्या पत्राचं उत्तर वाचायला द्या आणि पात्याच्या ऊर्जेचं गणित तुमच्यासमोर सोडवायला लावा.

प्रश्न : वादळात बोट भरकटली की शोध सुरू व्हायला वेळ जातो. बंदरातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून असं एक छोटं हेलिकॉप्टर घेतलं तर? तरंगणारे फ्लोट लावलेलंही मिळतं म्हणे.
— बोटमालक, हर्णै

उत्तर : तुमची तळमळ मला पोचली. ज्याच्या घरचं माणूस बाहेर आहे त्याला तास युगासारखा जातो. तरीही नको. फ्लोटचं मॉस्किटो आहे, आणि अमेरिकेत फ्लोटच्या वजनाला वेगळी सूटही मिळते. पण फ्लोट शांत पाण्यासाठी. ज्या दिवशी बोट भरकटते त्या दिवशीच्या लाटेवर ते उलटं होणार, आणि शोधायची माणसं एकाने वाढणार. 19 लिटर पेट्रोलवर जाऊन-येऊन शोधायला वेळ किती उरतो? शिवाय एकट्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय यंत्र सांभाळण्यात अडकलेले. बघणार कोण, दोर सोडणार कोण?

खाऱ्या हवेचा खर्च वेगळाच. समुद्रावरून आलेलं हेलिकॉप्टर आम्ही गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय सोडत नसू, इंजिनसुद्धा. ॲल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट लागला आणि मध्ये मीठ बसलं की सांध्याच्या आतून धातू खात जातो, वरून रंग शाबूत. बंदरातल्या शेडमध्ये उभं राहिलेलं यंत्र एका पावसाळ्यानंतर मी तरी उडवू देणार नाही.

वर्गणी काढाच, पण ती प्रत्येक बोटीवर धोक्याचा संदेश उपग्रहावरून पाठवणारा डॅट आणि चालू स्थितीतला व्हीएचएफ रेडिओ ठेवण्यासाठी. डॅटच्या बॅटरीची तारीख हंगामाच्या सुरुवातीला तपासा. व्हीएचएफवर चॅनेल 16 आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक खलाशांना आणि घरच्यांनाही पाठ हवा. शोधाला वेळ लागतो तो बहुतेकदा कुठे शोधायचं हे कळायला.

प्रश्न : हापूसच्या उंच कलमांवर फवारणीला माणूस मिळत नाही. एकट्याच्या हेलिकॉप्टरने जमेल?
— बागायतदार, राजापूर

उत्तर : नाही. झाडाच्या शेंड्यालगत, सावकाश, टाकीच्या वजनासकट उडणं म्हणजे वर सांगितलेल्या त्या वाईट टापूतच दिवसभर राहणं. हे काम फवारणीच्या ड्रोनचं. सकाळी खारा वारा सुटायच्या आत उरका, नाहीतर औषध शेजारच्या बागेत जातं. भाड्याने बोलावताना चालवणाऱ्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक आधी बघून घ्या.